नाशिक ते नागपूर: ५४५ किलोमीटरला पावणेदोन तास का लागतात?

आपण तीन आकडे दिले आहेत. नाशिक–नागपूर विमानप्रवासासाठी एका संकेतस्थळावर ५४५ किलोमीटर आणि ४१ मिनिटे, दुसऱ्यावर तेच अंतर पण १ तास ११ मिनिटे, आणि प्रत्यक्ष तिकिटावर १ तास ४५ मिनिटे. यांतला खरा कोणता, असे आपण विचारले आहे. पण शेवटी आपण सहज म्हणून जे लिहिले आहे, की नागपूरला उतरल्यावर दीड तासाने सुटणारी गोंदियाकडची रेल्वेगाडी वेगळ्या तिकिटावर पकडायची आहे, तोच माझ्या मते खरा प्रश्न आहे. अंतराबद्दलची जिज्ञासा दोन ओळींत भागवता येते. गाडी मिळेल की नाही, हे मात्र ऋतू, दिवसाची वेळ, विमानाचा प्रकार आणि त्या दिवशी धावपट्टीची कोणती बाजू वापरात आहे यांवर अवलंबून असते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. मी प्रादेशिक मार्गांवरच्या विमानांसाठी फ्लाइट डिस्पॅचर म्हणून काम करतो. उड्डाणापूर्वी मार्ग, उंची, इंधन आणि वेळ यांचा आराखडा तयार करून तो कॅप्टनच्या सहीसाठी पुढे ठेवणे हे माझे रोजचे काम आहे. खालची आकडेमोड त्या कामाच्या पद्धतीने केली आहे; ते कोणत्याही एका कंपनीचे वेळापत्रक नव्हे.

आधी अंतर. नाशिकच्या, म्हणजे ओझरच्या विमानतळाचा संदर्भबिंदू आणि नागपूरच्या सोनेगाव येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळाचा संदर्भबिंदू यांच्यामध्ये पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेले सर्वांत जवळचे अंतर ५४५ किलोमीटर, म्हणजे सुमारे २९४ नॉटिकल मैल आहे. आमच्याकडे सारा हिशेब नॉटिकल मैलांत आणि नॉटमध्ये चालतो. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल (पुढे नुसते ‘मैल’ म्हटले, तरी नॉटिकल मैलच समजावा). तेव्हा पहिल्या संकेतस्थळाचा अंतराचा आकडा बरोबर आहे. एखाद्या ठिकाणी आपल्याला ५६० च्या आसपासचा आकडा दिसला, तर तिथे ओझरऐवजी नाशिक शहराजवळचे गांधीनगरचे लष्करी विमानतळ धरलेले असण्याची शक्यता मोठी. ओझर नाशिक शहरापासून वीसेक किलोमीटरवर आहे आणि तेही नागपूरच्या दिशेने, त्यामुळे एवढा फरक सहज पडतो.

नकाशावर पट्टी ठेवून ही रेषा ओढली, तर ती चाळीसगावच्या थोडी दक्षिणेकडून जाते, मग बुलढाणा, मग जवळजवळ अकोल्याच्या डोक्यावरून, आणि अमरावतीला किंचित उत्तरेला ठेवून नागपूरला पोहोचते. (१६ एप्रिल २०२५ रोजी सुरू झालेले अमरावतीचे बेलोरा विमानतळही याच पट्ट्यात येते. खिडकीपाशी बसणाऱ्याला हवा स्वच्छ असताना ते दिसायला हरकत नाही.) पृथ्वी गोल असल्यामुळे विमानाचा मार्ग वाकडा असतो आणि म्हणून वेळ वाढतो, असा खुलासा अनेकदा वाचायला मिळतो. अमेरिकेच्या प्रवासात त्या वक्रतेला महत्त्व आहे, पण नाशिक–नागपूर या मार्गावर गोलावरची रेषा आणि नकाशावरची सरळ रेषा यांच्यात मध्यभागी जेमतेम दोन किलोमीटरचे अंतर पडते. पावणेदोन तासांचे कारण तिथे शोधण्यात अर्थ नाही.

प्रत्यक्ष उडण्याचा मार्ग सरळ रेषेपेक्षा थोडा लांब असतो, हे मात्र खरे आहे. विमानतळावरून बाहेर पडण्याचा आणि विमानतळात शिरण्याचा मार्ग ठरलेला असतो. मधल्या टप्प्यात ठरावीक हवाई मार्ग आणि पाच अक्षरी नावांचे बिंदू असतात. संरक्षण दलांसाठी राखलेले हवाई पट्टे त्या वेळी खुले आहेत की नाहीत, तेही पाहावे लागते. ओझर हे मुळात हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे विमानतळ आहे. साठच्या दशकात मिग विमानांच्या उत्पादनासाठी ते उभे राहिले, आणि पुढे सुखोई विमानेही तिथेच तयार झाली. नागपूरलाही वायुदलाचा तळ आहे. अशा दोन ठिकाणांमध्ये उडताना दहा-पंधरा नॉटिकल मैल जास्त धरावे लागतात. म्हणून २९४ ऐवजी ३०५ नॉटिकल मैल, म्हणजे साधारण ५६५ किलोमीटर धरून चालू. वाढ चार टक्क्यांच्या आसपास आहे, आणि वेळेतील तफावत तर दुपटीहून मोठी आहे. मूळ कारण अंतरात नाही, हे एवढ्यावरूनच दिसते.

आता ती ४१ मिनिटे कुठून आली ते पाहू. ५४५ किलोमीटरला ताशी ८०० ने भागले की ४१ मिनिटे येतात. त्यात सरसकट ३० मिनिटे मिळवली की १ तास ११ मिनिटे. दोन्ही संकेतस्थळांनी जेट विमानाचा वेग धरला आहे. दुसऱ्याने चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास जोडण्याचे तारतम्य दाखवले आहे, एवढाच फरक. जगातल्या कोणत्याही दोन विमानतळांसाठी तेच सूत्र लावलेले असल्यामुळे या मार्गावर कोणते विमान उडते, हे त्या सूत्राला ठाऊकच नसते. मुळात ४१ मिनिटे ही वेळ कोणत्याही विमानाला साधणारी नाही, कारण ते विमान ओझरच्या धावपट्टीवर ताशी ८०० किलोमीटर वेगाने प्रकट होऊन त्याच वेगाने नागपुरात अदृश्य झाले, तरच ती जमेल.

‘पाचशे किलोमीटर म्हणजे एक तास’ हे समीकरण आपल्याकडे रुजण्यामागे आणखी एक कारण असावे, असे मला वाटते. ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘उडान’ योजना जाहीर झाली, तेव्हा सुमारे ५०० किलोमीटरच्या, साधारण एक तासाच्या विमानप्रवासाला २,५०० रुपये अशी भाडेमर्यादा सांगितली गेली आणि ती सर्वांच्या लक्षात राहिली. भाड्याचा टप्पा ठरवण्यासाठी ते समीकरण ठीक होते, पण त्यावरून घड्याळ लावायचे नसते.

तिकिटावर जो वेळ छापलेला असतो, त्याला आम्ही ब्लॉक टाइम म्हणतो. विमान उभे असताना चाकांना ठोकळे लावलेले असतात, त्यांना चॉक म्हणतात. सुटताना चॉक काढून विमान हलले, तिथून हा वेळ सुरू होतो, आणि उतरल्यावर ठरलेल्या जागी थांबून पुन्हा चॉक लागले, की तो संपतो. धावपट्टीपर्यंत सरपटत जाणे, तिथे रांगेत थांबणे, उड्डाण, उतरणे, पुन्हा सरपटत जाणे, हे सारे त्यात येते. वैमानिकाच्या लॉगबुकातही बहुतांशी हाच वेळ चढतो. चाके जमिनीवरून उचलल्यापासून टेकेपर्यंतचा हवेतला वेळ वेगळा नोंदवतात. आपण मोबाइलवर विमानाचा माग दाखवणारे ॲप पाहता, तेव्हा तिथला कालावधी बहुधा या दुसऱ्या प्रकारचा असतो, म्हणून तो तिकिटापेक्षा नेहमी कमी दिसतो. विमान लवकर आले, असा समज त्यावरून करून घेऊ नये.

या मार्गावर साधारणपणे एटीआर ७२ प्रकारचे, पंखे असलेले विमान धरून चालावे. तिकिटावर विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो आधी पाहून घ्या. एटीआरचा जास्तीत जास्त प्रवासवेग सुमारे २७५ नॉट, म्हणजे ताशी ५१० किलोमीटर आहे. नियोजन करताना मी २६५ च्या आसपास धरतो. जेटचा वेग ४५० नॉटच्या घरात असतो. इंधन मात्र एटीआर ताशी साधारण साडेसहाशे ते साडेसातशे किलो जाळते, आणि छोट्या शहरांना जोडणारे मार्ग परवडतात ते त्यामुळेच.

आराखड्याच्या छापील कागदावर मार्गातल्या प्रत्येक बिंदूपुढे त्या टप्प्याची मिनिटे आणि बेरीज मिनिटे असे दोन रकाने असतात, आणि तिसरा रकाना वैमानिकाने प्रत्यक्ष वेळ लिहिण्यासाठी रिकामा ठेवलेला असतो. नाशिक–नागपूरचा असा कागद वारा शून्य धरून मांडला, तर साधारण पुढीलप्रमाणे दिसेल. ओझर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. तिथून १९,००० फुटांपर्यंत चढायला भरलेल्या एटीआरला सतरा-एक मिनिटे लागतात, आणि चढताना वेग दोनशे नॉटच्या आसपास असल्यामुळे तेवढ्या वेळात ५७ नॉटिकल मैल पार होतात. उतरण्याची सुरुवात नागपूरच्या अलीकडे ५५ मैलांवर करावी लागते, कारण प्रत्येक हजार फुटांना तीन मैल हा ढोबळ नियम आहे. त्याला १४ मिनिटे. मधे उरले १९३ मैल, ते २६५ नॉटने ४४ मिनिटांत कापले जातात. बेरीज ७५ मिनिटे. नागपूरच्या धावपट्टीशी रांगेत येण्यासाठी वळणे घ्यावी लागतात, त्याची पाच मिनिटे धरली की हवेतला वेळ ८० मिनिटे होतो. ओझरला सुटताना दहा आणि नागपूरला उतरल्यावर पाच मिनिटे जमिनीवरची. एकूण ९५ मिनिटे, म्हणजे १ तास ३५ मिनिटे. तिकिटावरची उरलेली दहा मिनिटे कशाची, ते पुढे सांगतो.

या हिशेबातून एक गोष्ट नजरेसमोर ठेवावी. ९५ मिनिटांपैकी पूर्ण प्रवासवेगाने कापलेली मिनिटे फक्त ४४ आहेत, म्हणजे निम्म्याहूनही कमी. बाकीची ५१ मिनिटे चढणे, उतरणे, वळणे आणि जमिनीवर सरपटणे यांत जातात, आणि अंतर २०० किलोमीटर असो वा ८००, त्यांत फारसा फरक पडत नाही. म्हणूनच छोट्या मार्गांवर अंतराला वेगाने भागून वेळ काढण्याची रीत सपशेल फसते. मुंबईशी तुलना करून पाहा. मुंबई ते नागपूर हे सरळ अंतर सुमारे ६८० किलोमीटर, नाशिकपेक्षा १३५ किलोमीटरने जास्त. तरीही मोठ्या जेट विमानाचे वेळापत्रक तिथे दीड तासाच्या आसपास असते. दूरचा माणूस आधी पोहोचतो, आणि त्यातही मुंबईच्या गर्दीमुळे जमिनीवर जाणारा जास्तीचा वेळ त्या दीड तासात धरलेलाच असतो.

इथवर सर्व काही वारा शून्य आणि धावपट्टी सोयीची असे धरून लिहिले. आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे, त्याकडे वळतो.

ओझरची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. तिच्या दोन टोकांवर ०९ आणि २७ हे आकडे रंगवलेले आहेत, म्हणजे अनुक्रमे ९० आणि २७० अंशांची दिशा. नागपूर ओझरहून जवळजवळ पूर्वेला, साधारण ७८ अंशांवर आहे. विमान पूर्वेकडे उडाले, तर उचलल्याबरोबर ते आपल्या वाटेला लागते. पण विमान वाऱ्याला तोंड देऊनच उडवावे लागते, आणि पश्चिमेचा वारा सुटला की, विशेषतः पावसाळ्यात, २७ वरून, म्हणजे नागपूरकडे पाठ करून उडावे लागते आणि मग वळून परत यावे लागते. तीन-चार मिनिटे तिथे जातात. नागपूरची धावपट्टी वायव्य-आग्नेय, म्हणजे १४ आणि ३२. पश्चिमेकडून येणाऱ्या विमानाला ३२ वर उतरायचे असेल, तर शहराला वळसा घालून आग्नेयेकडून यावे लागते. १४ वर उतरायचे असेल, तर वळण लहान पडते. खिडकीतून पाहणाऱ्याला ‘विमानतळ तर दिसला, मग आपण पुढे कुठे चाललो’ असे जे वाटते, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

वाऱ्याचा परिणाम लोकांना वाटतो त्याहून मोठा आहे, कारण एटीआरचा स्वतःचा वेग कमी. हिवाळ्यात आपल्याकडे वरच्या थरांत पश्चिमेकडून वारे वाहतात. समजा, १९,००० फुटांवर ३० नॉटचा पश्चिम वारा आहे. नागपूरकडे जाताना तो पाठीशी, म्हणजे जमिनीच्या संदर्भात वेग २९५ नॉट. ३०० मैलांना ६१ मिनिटे. परत येताना तोच वारा समोरून, वेग २३५ नॉट; त्याच ३०० मैलांना ७७ मिनिटे. वारा नसता तर ६८ लागली असती. म्हणजे जाताना सात मिनिटे वाचतात आणि येताना नऊ जास्त जातात. जाऊन-येऊन हिशेब बरोबरीत सुटत नाही, तोटाच होतो. जेट विमानाला हाच वारा जेमतेम निम्मा जाणवतो. वेळापत्रकात नागपूरहून नाशिकला येणारे विमान जास्त वेळ घेताना दिसले, तर ती छपाईची चूक समजू नये. जाताना आणि येताना उंचीही वेगळी असते: पूर्वेकडे जाणाऱ्या विमानांना १७,०००, १९,०००, २१,००० अशा विषम हजारांच्या, तर पश्चिमेकडे येणाऱ्यांना १६,०००, १८,०००, २०,००० अशा सम हजारांच्या पातळ्या मिळतात. समोरचा वारा जोरात असेल, तर मी परतीसाठी मुद्दाम खालची पातळी निवडतो. खाली इंधन थोडे जास्त जळते, पण वारा मंद असल्यामुळे कधी कधी तेच फायद्याचे पडते.

पावसाळ्यात चित्र बदलते. पश्चिमेचा जोर तेव्हा खालच्या काही हजार फुटांत असतो. एटीआरच्या उंचीवर वारे मंद आणि दिशा बदलते. पूर्वेकडचे जोरदार वारे वाहतात, ते त्याच्याही खूप वर, मोठ्या जेट विमानांच्या उंचीवर आणि त्यापलीकडे. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये जाण्या-येण्याच्या वेळेत वाऱ्यामुळे फारसा फरक पडत नाही, पण ढगांमुळे पडतो.

ढगांच्या बाबतीत सर्वांत त्रासाचे महिने एप्रिल ते जून. विदर्भात दुपारनंतर उठणाऱ्या वळवाच्या ढगांचे माथे चाळीस हजार फुटांपलीकडे जातात, आणि एटीआर पंचवीस हजारांच्या वर जाऊच शकत नाही. त्यांच्यावरून जाण्याचा पर्याय नसल्यामुळे बाजूने जावे लागते, आणि वीस-तीस मैलांचा वळसा म्हणजे पाच-सात मिनिटे. ढग नागपूरच्याच डोक्यावर असेल, तर बाहेर घिरट्या घालत थांबावे लागते. त्यासाठी इंधन आधीच धरलेले असते: प्रवासाचे, अनिश्चिततेसाठी थोडे जादा, पर्यायी विमानतळापर्यंत पोहोचण्याचे आणि त्यावर शेवटची तीस मिनिटे पुरेल इतके. वळवाच्या दिवसांत मी त्यावरही थोडे घालतो. पण दहा मिनिटांचे जास्तीचे इंधन म्हणजे साधारण ११५ किलो, म्हणजे सामानासह एक प्रवासी. उन्हाळ्याच्या दुपारी तो एक प्रवासी जड जातो, कारण नागपूर १,०३३ फुटांवर असले, तरी ४५ अंश तापमानात तिथली हवा इतकी विरळ होते, की विमानाला ते विमानतळ सुमारे ४,९०० फुटांवर असल्यासारखे वाटते. पंखे आणि इंजिन दोन्ही कमी जोर देतात, धाव लांबते, चढण मंदावते. भर उन्हाळ्यात नागपूरहून दुपारी सुटणारे विमान सकाळच्या विमानापेक्षा दोन-तीन मिनिटे उशिरा उंची गाठते, आणि कधी कधी काही सामान मागे ठेवूनच सुटते.

आता ती उरलेली दहा मिनिटे. आपल्याकडे विमान वेळेवर आले की नाही, हे ठरवताना वेळापत्रकापेक्षा १५ मिनिटांपर्यंतचा उशीर माफ असतो. कंपन्या मागच्या हंगामातल्या प्रत्यक्ष वेळा पाहून, बहुतेक दिवशी विमान वेळेत बसेल असा आकडा छापतात. हंगाम वर्षातून दोनदा बदलतो, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, आणि त्याबरोबर ब्लॉक टाइमही पाच-दहा मिनिटांनी मागेपुढे होऊ शकतो. वाचक याला फसवणूक म्हणतात, ते मला पटत नाही. सरासरी छापली असती, तर निम्म्या दिवशी विमान उशिरा आले असते. पाठीशी वारा असलेल्या दिवशी आपण पंधरा मिनिटे लवकर पोहोचलात, तर ती याच जादा मिनिटांतून आलेली असतात. वैमानिकाने विमान ‘दामटले’ म्हणून नव्हे.

छापलेल्या ब्लॉक टाइमला कायदेशीर महत्त्वही आहे, आणि ते फार थोड्या प्रवाशांना माहीत असते. विमान कंपनीने आपल्या कारणाने उड्डाण रद्द केले आणि वेळेत कळवले नाही, तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार भरपाईची मर्यादा ब्लॉक टाइमवर ठरते: एक तासापर्यंत ५,००० रुपये, एक ते दोन तासांपर्यंत ७,५०० रुपये, दोन तासांपुढे १०,००० रुपये; किंवा एकमार्गी मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांतली जी रक्कम कमी असेल ती. आपले १ तास ४५ मिनिटांचे उड्डाण मधल्या गटात येते. हवामान, हवाई वाहतूक नियंत्रण अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना ही भरपाई लागू नाही. आणि आपल्यासाठी महत्त्वाचे असे, की वेगळ्या तिकिटावरची पुढची गाडी चुकली, तर त्याची जबाबदारी कंपनीवर येत नाही.

म्हणजे आता आपल्या गाडीकडे येऊ. विमान वेळेवर, म्हणजे तिकिटावरच्या वेळेला थांबले, असे समजा. एटीआरमध्ये प्रवाशांचे दार मागच्या डाव्या बाजूला असते, सामानाचा कप्पा पुढे. मोठ्या विमानांची सवय असलेले लोक हौसेने पुढच्या रांगा घेतात आणि उतरताना सर्वांच्या शेवटी उरतात. आपण मागच्या रांगेतली जागा घ्या. थांबल्यावरही उजव्या बाजूचे इंजिन कधी कधी चालू असल्याचा आवाज येत राहतो; पंख्याला ब्रेक लावून ते इंजिन विजेसाठी आणि वातानुकूलनासाठी चालू ठेवतात, त्यामुळे ‘अजून दार उघडणार नाही’ असे समजून बसून राहू नये. डोक्यावरचे कप्पे लहान असल्यामुळे मोठी बॅग आत नेता येत नाही, आणि ती खाली दिली की पट्ट्यावर वाट पाहणे आले. पाठीवर मावेल एवढेच सामान असेल, तर थांबल्यापासून पंधरा मिनिटांत आपण इमारतीबाहेर असाल. बॅग खाली दिली असेल, तर अर्धा तास धरा.

सोनेगावपासून नागपूर रेल्वे स्थानक आठ-नऊ किलोमीटर आहे. मोटारीने वीस-पंचवीस मिनिटे, वर्धा रोडवर गर्दी असेल तर चाळीस. मेट्रोही आहे, पण एअरपोर्ट स्थानक टर्मिनलच्या दारात नाही, वर्धा रोडवर आहे; शिवाय मुख्य रेल्वे स्थानकासाठी सीताबर्डीला मार्गिका बदलावी लागते. आपली गाडी अजनीहून सुटत असेल किंवा तिथे थांबत असेल, तर तेही तपासा, कारण अजनी विमानतळाच्या बाजूला पडते आणि बरीच मिनिटे वाचतात. बॅग खाली दिलेली असताना तीस आणि चाळीस, म्हणजे सत्तर मिनिटे गेली. नव्वदातून उरली वीस. एवढाच उशीर आपल्याला परवडणार आहे.

वीस मिनिटांचा उशीर या मार्गावर वारंवार होतो का, हे विमान दिवसातल्या कितव्या फेरीवर आहे त्यावरून ठरते. अशा मार्गांवर एकच विमान सकाळपासून रात्रीपर्यंत शहरामागून शहरे करत फिरते, मधे जेमतेम पंचवीस-तीस मिनिटांचा थांबा घेऊन; सकाळी कुठे वीस मिनिटे गेली, की ती संध्याकाळपर्यंत वाढतच जातात. म्हणून विमान नाशिकला कोठून येते ते पाहा, आणि माग दाखवणाऱ्या कोणत्याही ॲपवर त्याच क्रमांकाच्या उड्डाणाचे मागचे दोन आठवडे काढून नागपूरला टेकण्याची वेळ तपासा. त्यात जमिनीवरची पाच मिनिटे मिळवा. चौदांपैकी तीन दिवशीही वीस मिनिटांपेक्षा जास्त उशीर दिसला, तर दीड तासाचे अंतर ठेवू नका. दुपारचे विमान आणि मे-जून महिना असा योग असेल, तर तपासायचीही गरज नाही: तीन तास ठेवा किंवा पुढची गाडी घ्या.

आणि हिशेब पूर्ण करायचा, तर दुसरी वाटही पाहून ठेवा. रेल्वेने नाशिकरोड ते नागपूर सुमारे ६५० किलोमीटर आहे, आणि गोंदियाला जाणारी विदर्भ एक्सप्रेस नाशिकरोडवरूनच जाते. त्यात गाडी बदलण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. रस्त्याने समृद्धी महामार्गाला सिन्नरजवळ लागून सहाशेच्या वर किलोमीटर होतात, आणि तिथे ताशी १२० ची मर्यादा पाळूनही विश्रांतीसह सात-साडेसात तास धरावेत. विमानाला शहरातून ओझर गाठायला पाऊण तास, काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो म्हणून त्याआधी पोहोचणे, पावणेदोन तासांचा ब्लॉक टाइम आणि नागपुरातला वरचा हिशेब मिळून घरापासून नागपूर स्थानकापर्यंत पाच तास लागतात. त्यात उतरल्यापासून तीन तासांचा अवकाश ठेवायचा ठरला, तर विमानाने वाचवलेला वेळ नागपूरच्या फलाटावरच जाईल, आणि तेव्हा रात्रीची विदर्भ एक्सप्रेस मला जास्त शहाणपणाची वाटते. आपले परतीचे विमान मात्र जरूर घ्या. तिथे पुढे काही पकडायचे नाही, आणि वारा समोरून असला तरी दहा मिनिटांनी काही बिघडत नाही.